फार नाही, दोनच चमचे

आमच्या कार्यालयात साखरेचा फलक लागला त्या महिन्यात कार्यालयातली साखर पंधरवड्यातच संपली. शिपायानं रिकामा डबा टेबलावर उपडा करून दाखवला. एरवी तेवढी साखर महिनाअखेरपर्यंत पुरायची. चौकशी केली तेव्हा कारण समजलं. फलक नेमका चहाच्या किटलीच्या वरच्या भिंतीवर ठोकला होता. वाचायला माणसं जवळ यायची, वाचता वाचता चर्चा सुरू व्हायची, आणि चर्चा म्हटली की चहा आलाच. जनजागृतीला इतकी साखर लागते, हे वरून आलेल्या कागदात कुणी लिहिलं नव्हतं.

तो कागद मात्र अगदी खरा. २०२५च्या मे महिन्यात सीबीएसईनं आपल्या शाळांना साखरेचे, म्हणजे साखर बेतानं खा असं सांगणारे, फलक लावायला सांगितलं. जूनमध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं इतर खात्यांना लिहिलं, की कार्यालयातही तेल आणि साखरेचे फलक लावा. पोरांपासून निघालेली गोष्ट महिन्याभरात बाबूंपर्यंत आली. जुलैत नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन बातम्या झळकल्या, की समोसा-जिलेबीलाही आता सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा चिकटणार. विदर्भात यावरून जेवढी खळबळ उडाली तेवढी वेगळ्या राज्याच्या मागणीनंही अलीकडे उडालेली नाही. शेवटी सरकारनं खुलासा केला, की ठेल्यावरच्या जिलेबीला कुणी हात लावत नाहीये, हा नुसता सल्ला आहे. खुलासा वाचून लोकांनी समाधानानं जिलेबी खाल्ली.

गडचिरोलीतल्या आमच्या एटापल्लीला सगळंच उशिरा पोचतं. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की गाडी नाही, गाडी नाही तर पेपर नाही. पण फुकटचा सल्ला असेल तर तो भर पुरातही येतो. साहेबांनी फलक करायचं काम माझ्याकडे दिलं. माझं अक्षर बरं आहे हे एक कारण. दुसरं बडे बाबूंनी सांगितलं, "बाबूजी, तुमच्याकडचाच माल हाये हा. इशाराबी तुमीच लिवा."

त्यात तथ्य होतं. मी प्रवरानगरकडचा. विठ्ठलराव विख्यांनी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला त्या टापूतला. आमच्याकडे माणूस जन्मला की साखर वाटतात, निवडून आला की साखर वाटतात, आणि पडला तर पुढच्या निवडणुकीसाठी साखरपेरणी सुरू करतात. गडचिरोली जिल्ह्यात साखर कारखाना नाही. इथं लोखंडाचे डोंगर आहेत, साग आहे, बांबू आहे, तेंदूपत्ता आहे. बदलीचा आदेश हातात पडला तेव्हा आमच्या गावाकडच्या एका पुढाऱ्यानं मला हळहळत विचारलं होतं, "तिकडं कारखाना नाही? मग लोक राजकारण कशावर करतात?"

तर मी फलक लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं आहे, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तमच. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, छोटे सहा चमचे. मी मनातल्या मनात हिशेब केला. चहाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला तीन चहा. झकास! आपण नियमात बसतो.

शिपाई म्हणाला, "साहेब, पन चमचा कोनता?"

या प्रश्नाला परिपत्रकात उत्तर नव्हतं. आम्ही कार्यालयातला चमचा घेऊन समोरच्या किराणा दुकानात गेलो. दुकानदाराच्या काट्यावर आधी कागद ठेवला, काटा शून्यावर आणला आणि शिपायाला म्हटलं, रोज घालतोस तशी घाल. त्यानं पोत्यात चमचा खुपसला. तो बाहेर आला तेव्हा साखरेला शीग लागली होती, आणि वर आणताना दोन दाणेसुद्धा सांडले नाहीत. हा हात वर्षानुवर्षांच्या सेवेनंच येतो. काट्यावर आकडा उमटला, बारा ग्रॅम. तो चहाचा चमचा नव्हताच. कधीकाळी निरोपसमारंभाच्या पोह्यांबरोबर आलेला आणि इथंच कायम झालेला चमचा होता. दोन चमचे म्हणजे चोवीस ग्रॅम. सकाळी साडेदहाचा पहिला चहा संपला, की जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी माझा दिवस संपत होता.

दुकानदारानं मान हलवली. "साहेब, साखर घ्यायची नसल तर कागदाचे पैसे नाही घेत. पन पोत्यात वापस नका टाकू."

ती साखर कुठं गेली असेल ते वाचकांनी ओळखलं असेल. दुकानदारानं चहा मागवला.

फलकावर मी दात, वजन, मधुमेह, हृदय असं रीतसर लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नाही. सगळ्यात खाली जागा उरली म्हणून एक ओळ टाकली होती, "अति साखरेमुळे स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो." ही एक ओळ मात्र अख्ख्या कार्यालयाला पाठ झाली. विसरणं हा इतकी वर्षं कामातला कसूर होता, त्या दिवसापासून तो आजार झाला.

साहेबांनी बैठकीत विचारलं, "मागच्या सोमवारी मागितलेला अहवाल कुठं आहे?"

संबंधित बाबू उठून उभे राहिले. "सर, लक्षातून गेलं. बहिनीकडं बारसं होतं, बुंदीचे लाडू जरा जास्त झाले."

साहेबांनी फलकाकडे पाहिलं. खाली सही त्यांचीच होती. मग एका बाईंनी आवक नोंदवही हरवल्याचं खापर लग्नातल्या गुलाबजामावर फोडलं. एकानं किरकोळ रजेच्या अर्जात कारण लिहिलं, "काल रजा घेतली होती, अर्ज देण्याचे साखरेमुळे राहून गेले." बाहेर एक गावकरी दाखल्यासाठी खेटे घालत होता. त्याला आत बोलावून सांगितलं, तुमचा कागद कुठं ठेवला ते आठवत नाहीये. त्यानं फलक वाचून घेतला, हात जोडले आणि शांतपणे विचारलं, "साहेब, तुमची साखर उतरल कधी? तवाच येतो मंग."

बडे बाबूंना हा फलक मनापासून पटला नव्हता. ते मूळचे वडशाचे, झाडीपट्टीच्या रंगभूमीवर वाढलेले. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की यांचं चित्त फायलीत नसतं. तीस वर्षांपूर्वीच्या नाटकातलं खलनायकाचं भाषण ते आजही एका दमात म्हणतात, वर विंगेतून कोण शिंकलं होतं तेही सांगतात. त्यांच्या चहात साखर तीन चमचे. तीही पोह्यांच्या चमच्यानं. ते स्वतःला फलकाविरुद्धचा चालताबोलता पुरावा समजत. फाइल कुठं ठेवली हे त्यांना आठवत नसे ही गोष्ट वेगळी, पण ते साखर सुरू होण्याच्या आधीपासूनचं आहे असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना शास्त्र सांगायला घेतलं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण एकूण ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो एकटा घेतो.

"म्हंजे आपल्या साहेबांसारखंच," बडे बाबू म्हणाले. "वजन दोन टक्के, डिझेल वीस टक्के."

"आणि ही ऊर्जा तो मुख्यतः ग्लुकोजमधून घेतो. दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम."

बडे बाबूंनी चहाचा पेला खाली ठेवला. "थांबा जी. मेंदूले लागते सव्वाशे ग्रॅम, अन् तुमच्या फलकावर पंचवीस? हा तर मेंदूवर अन्याय हाये. उपोषणाले बसाव लागल."

मी समजावलं, की ते ग्लुकोज भातातून मिळतं, भाकरीतून मिळतं, आपण झोपलो तरी यकृत पुरवठा चालू ठेवतं, वरून साखर घालायची गरज नसते. गडचिरोलीत दोन्ही वेळेला भात असतो, साखरेवाचून मेंदू उपाशी मेला असं इथं कधी घडलेलं नाही. हे त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या हातून एक जास्तीचं वाक्य गेलं, की म्हाताऱ्या माणसांना परीक्षेच्या आधी ग्लुकोजचं पाणी पाजलं तर थोडा वेळ त्यांना शब्द जरा जास्त आठवतात, असे प्रयोग झालेले आहेत. बडे बाबूंनी शिपायाला हाक मारली. "माझ्या पेल्यात एक चमचा आनखी टाक रे. बाबूजींनी परवानगी देली."

उंदरांचं सांगितलं तेव्हाही असंच झालं. २०१२ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात फर्नांडो गोमेझ-पिनिया यांनी उंदरांना आधी पाच दिवस एका भुलभुलैयातून बाहेर पडायची वाट शिकवली. मग सहा आठवडे त्यांना पाण्याऐवजी फ्रुक्टोज घातलेलं पाणी पाजलं. पुन्हा भुलभुलैयात सोडलं, तर उंदीर अडखळायला लागले, वाट सापडेना. त्यांच्या मेंदूतल्या पेशींचं आपसांतलं बोलणं मंदावलं होतं.

"उंदराले रस्ता भुलाले सहा हप्ते साखर लागली," बडे बाबू म्हणाले. "आपला ड्रायवर बिनसाखरेचा चाय पेते. मांगच्या महिन्यात आलापल्लीच्या चौकातून एटापल्लीकडं वळाचं सोडून भामरागडकडं वळला. पेरमिली आली तरी कोनाले पत्ता नाही. साहेब मांगं झोपले होते."

"पुढचं ऐका. दुसऱ्या गटातल्या उंदरांना तेच गोड पाणी दिलं, पण जोडीला ओमेगा-थ्री दिलं. जवसाचं तेल वगैरे. ते उंदीर बरे राहिले."

जवस म्हटल्याबरोबर कार्यालयात चैतन्य पसरलं. विदर्भात जवसाची चटणी नाही असं घर कमी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चार डबे उघडले, त्यातल्या तीन डब्यांत जवसाची चटणी आणि चारही डब्यांत जिलेबी होती. शास्त्रज्ञ तेल आणि फ्रुक्टोज वेगवेगळं मोजतात. आमच्याकडे दोन्ही एकाच घासात होतं.

विषय मेंदूच्या आतल्या भागाकडे गेला आणि माझी उरलीसुरली प्रतिष्ठा गेली. आठवणी साठवायचं पहिलं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो, समुद्रघोड्यासारखा वळलेला. शरीरात इन्शुलिनचा कारभार बिघडला की तिथंही अडचण येते, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि नव्या आठवणी पक्क्या बसत नाहीत. हे मी अर्ध्यावर सांगितलं असेन.

"हिप्पो?" शिपाई म्हणाला. "कमलापूरले तर हत्ती हायेत जी. हिप्पो कुठून आला?"

"हत्तीचंच घ्या," बडे बाबूंनी सूत्रं हाती घेतली. "हत्ती ऊस खाते, गूळ खाते. अन् हत्ती काही इसरते का? दर वर्षी हिवाळ्यात कमलापूरच्या हत्तीले रजा भेटते, पायाले औषधी लेप लागते. आपल्या कार्यालयात लागते का कोनाले लेप?"

चर्चेची गाडी हत्तींच्या वैद्यकीय रजेवरून कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय बिलांकडे गेली, ती काही परत आली नाही. मध्येच मी ब्रिटनचं सांगून पाहिलं. तिथं युद्धकाळात लागलेलं साखरेचं रेशन सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. रेशनच्या काळात गर्भात आणि बाळपणात असलेल्या लोकांना पुढं मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसलं, असा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. बडे बाबू पहिल्यांदाच गंभीर झाले. आपल्याकडे अंत्योदय कार्डावर महिन्याला किलोभर साखर असते, त्यांनी तिचा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे ज्या गावात रेशनचं दुकान टायमावर उघडत नाही, तिथं आरोग्य योजना चालू हाये म्हना."

घरी परिस्थिती याहून बिकट होती. फलकाचा फोटो बायकोनं कुणाच्या तरी स्टेटसवर पाहिला आणि साखरेचा डबा कपाटात गेला. किल्ली कुठं ठेवली हे मात्र ती विसरली. ती साखर खात नाही, त्यामुळे ही बाब मी नोंदवून ठेवली. तिचं पुढचं लक्ष पोरावर होतं. शेजारी वाढदिवसाला केक खाऊन आलेलं पोरगं पलंगावरून उड्या मारायला लागलं की ती म्हणायची, "साखर चढली याला."

मी तिला १९९४ सालचा एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत पाच ते सात वर्षांच्या मुलांना बिनसाखरेचं, कृत्रिम गोडी घातलेलं पेय दिलं. साखर एकाही मुलाच्या पोटात गेली नाही. पण अर्ध्या आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला भरपूर साखर पाजली आहे. त्या आयांना आपापली मुलं जास्त दांडगी वाटली. त्या पोरांच्या मागं मागं राहिल्या, टोकत राहिल्या. त्याच सुमारास बाकीचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हाही साखरेनं मुलं चेकाळतात हे काही सिद्ध होईना.

"म्हणजे खापर आईवरच," बायको म्हणाली. "अभ्यास कुणी केला?"

"हूवर आणि मिलिच."

"पुरुष का?"

पुरुषच होते, दोघंही. मी तो प्रयोग पुन्हा घरात काढला नाही.

एव्हाना माझ्या लक्षात एक गोष्ट यायला लागली होती. साखर वाईट, यावर गावात कुणाचंच दुमत नव्हतं. पण प्रत्येकाकडे एक अशी गोड वस्तू होती जी साखरेत धरायची नसते. बायकोचा गूळ. "गुळात लोह असतं." असतं थोडं, पण बाकीची ढेप बहुतांशी साखरच असते, हे कारखान्याच्या गावात जन्मलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. वनरक्षकाचा मध. "जंगलातला हाये साहेब, शुद्ध." जागतिक आरोग्य संघटना मधालाही साखरेतच मोजते, मग तो मधमाशीनं कितीही दुर्गम भागात गोळा केलेला असो. शाळेच्या मास्तरांचे मोहाचे लाडू. सुकलेल्या मोहफुलात निम्म्याहून जास्त साखर भरते. अस्वलं मोहाखाली उगीच मुक्काम ठोकत नाहीत. मास्तर म्हणाले, "ती साखर नाही, ते गौण वनोपज आहे." शासकीय वर्गीकरणापुढे कुणाची जीभ चालत नाही, मी लाडू घेतला. आमचे एक सहकारी शुगर-फ्रीच्या गोळ्या वापरतात. चहात दोन गोळ्या टाकतात आणि त्या वाचलेल्या साखरेच्या बदल्यात क्रीमरोल खातात.

यातून एक सिद्धांत माझ्या डोक्यात तयार झाला. इथल्या जुन्या माडिया माणसांचा आहार म्हणजे भात, कोसरी, नाचणीचा जावा, रानभाज्या, मासे. साखर घरात नाही. म्हणून यांची स्मरणशक्ती तल्लख. शहरातून आलेल्या माणसाला असे सिद्धांत पहिल्या पावसात सुचतात आणि बहुतेकदा मासिकात छापूनही येतात. पुराव्यासाठी मी आठवडी बाजारात गेलो. माडिया येतं म्हणून शिपायाला बरोबर घेतलं. बाजारात एक वयस्क आजोबा सुकवलेली मोहफुलं आणि बांबूच्या टोपल्या घेऊन बसले होते. जोहार झाला. शिपायानं विचारलं, जुनं काही आठवतं का?

आजोबांना सगळं आठवत होतं. कुठल्याशा एका हंगामाचा तेंदूपत्त्याचा बोनस एका ठेकेदाराकडे राहिलेला होता. किती गड्ड्या, काय भाव, मुकादमाच्या शर्टाचा रंग, ठेकेदाराच्या जीपचा नंबर, आणि पुढच्या हप्त्यात देतो म्हणताना तो कुणीकडे बघत होता, इतकं सगळं. मी भारावून गेलो. सिद्धांत सिद्ध झाला होता, आता फक्त चहा पाजून निरोप घ्यायचा होता.

"साखर किती घालायची बाबांना?" मी विचारलं.

आजोबा काहीतरी बोलले. शिपाई हसायला लागला.

"काय म्हणाले?"

"म्हनतेत, पैसे हा साहेब देऊन राहिला नं? मंग मोजता काऊन?"

आजोबांनी माझ्यादेखत एवढी साखर घालून घेतली की चमचा ढवळताना आवाज बदलला. माझा सिद्धांत त्या पेल्यात विरघळला आणि आजोबांनी मिटक्या मारत पिऊन टाकला. निघताना त्यांनी मला पुन्हा जीपचा नंबर सांगितला, मी साहेब आहे तर काही करता आलं तर बघावं म्हणून.

तरी मी हार मानली नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. १९४८पासून तिथल्या लोकांच्या आरोग्यावर नजर ठेवलेली आहे, आधी त्यांच्यावर, मग त्यांच्या पोरांवर, मग नातवंडांवर. आपल्याकडे एवढी नजर फक्त शेजारी ठेवतात. या अभ्यासातून २०१७ साली निघालं, की साखर घातलेली पेयं जास्त पिणाऱ्यांच्या मेंदूचं आकारमान थोडं कमी दिसतं, आणि घडलेल्या गोष्टी आठवायच्या चाचणीत ते मागं पडतात. साखरेमुळेच हे घडलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, दोन्ही गोष्टी बरोबर दिसतात एवढंच, असंही संशोधकांनी लिहिलं. हे मला आवडलं. सावध वाक्य लिहिणाऱ्या माणसाबद्दल सरकारी नोकराला आपोआप आदर वाटतो.

मग मी पाहिलं, या लोकांनी किती गोड पेयं घेतली हे मोजलं कसं? तर फॉर्म भरून घेतले. गेल्या वर्षभरात तुम्ही काय काय, किती वेळा खाल्लं-प्यालं, ते आठवून लिहा. म्हणजे साखरेनं स्मरणशक्ती जाते का हे शोधायचं, आणि त्यासाठी साखर किती खाल्ली ते माणसाच्या स्मरणशक्तीलाच विचारायचं! यात त्या शास्त्रज्ञांची काही चूक नाही. माणसाच्या मागे वर्षभर चमचा मोजायला कोण फिरणार? पण माणूस तिकडचा असो की इकडचा, साखरेचं नाव काढलं की तो कमीच आठवतो. मेंदूचं काय व्हायचं ते होवो, खाल्लेली साखर मात्र डोक्यात राहत नाही. उसनी दिलेली साखर वीस वर्षं राहते.

खात्री करायला मी तसाच एक फॉर्म स्वतः भरला. चहा, दिवसाला तीन. साखर, एक चमचा. गोड पदार्थ, क्वचित. शीतपेय, पाहुणे आले तर. पूर्ण प्रामाणिकपणे. बायकोनं तो वाचला आणि शेजारणीला बोलावून वाचून दाखवला.

त्याच आठवड्यात पगार झाला आणि कार्यालयासमोरच्या अक्काच्या टपरीवर उधारी द्यायला गेलो. अक्काची वही लांबट, दोरीनं खिळ्याला बांधलेली, कडेला चहाच्या पेल्यांचे गोल डाग पडलेली. गिऱ्हाइकांची खरी नावं तिच्यात नाहीत. बडे बाबूंच्या पानावर वर लिहिलेलं, नाटकवाले. ड्रायव्हरच्या पानावर, फिक्का. माझ्या पानावर, दोन चमचे साहेब. त्याखाली तारखा, तारखांपुढे उभ्या दांड्या, पाचव्या दांडीवर आडवी रेघ. मधूनमधून क्रीमरोल. बालुशाही. मुलचेऱ्याकडचा मिठाईवाला यायचा त्या दिवशी रसगुल्ले, आणि तेही जोडीनं. दांड्यांची बेरीज मी केली. आकडा इथं देत नाही. बायको मासिक वाचते.

"अक्का, एवढं सगळं ध्यानात कसं राहतं तुझ्या?"

"उधारी हाये साहेब," अक्का किटलीचं फडकं पिळत म्हणाली. "नगदीचं कोन ध्यानात ठेवते?"

पुढच्या महिन्यात तपासणीचं शिबिर लागलं. रांगेत माझ्यापुढे कार्यालयातलेच सगळे. डॉक्टर तरुण होते, मान वर न करता विचारत होते, "साखर किती खाता?" आणि पुढचा माणूस सांगत होता, "फार नाही." डॉक्टर लिहीत होते. बडे बाबूंनीही सांगितलं, "फार नाही." माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलंच नाही, मी तोंड उघडायच्या आत त्यांनी "फार नाही" लिहून टाकलं होतं.

"डॉक्टरसाहेब, मग असं तोंडी विचारून उपयोग काय?"

"काहीच नाही," ते म्हणाले. "फॉर्मवर रकाना आहे म्हणून विचारतो. उत्तर रक्तातून घेतो."

मग त्यांनी एचबीएवनसी समजावून सांगितली. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. तेवढ्या दिवसांत रक्तात साखर जितकी जास्त फिरते, तितकी ती त्यांतल्या हिमोग्लोबिनला जास्त चिकटून बसते. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब तिथं लिहिलेला सापडतो. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास केला तरी तो खोडता येत नाही. फक्त त्याआधी त्यांनी प्रत्येकाला सिकलसेलबद्दल विचारलं. गडचिरोलीत तो आजार बराच आहे, त्यात तांबड्या पेशी लवकर मरतात, आणि मग हा हिशेब चुकतो. अशा माणसाची साखर वेगळ्या तपासणीनं पाहावी लागते. मी त्यांना आमच्या फलकावरची ओळ सांगितली. ते म्हणाले, ओळ बरी आहे. मधुमेह असेल तर पुढं विस्मरणाचा धोका वाढतो हे माहीतच आहे. पण २०१३ साली अमेरिकेतल्या सिॲटलकडच्या वयस्क लोकांच्या अभ्यासात दिसलं, की मधुमेह नसलेल्यांतही रक्तातली साखर जितकी वरच्या बाजूला, तितका तो धोका थोडा जास्त.

निकाल आठवड्यानं आले. ५.७च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ आणि वर मधुमेह. बडे बाबूंचा आकडा ५.६. त्यांनी त्याच दुपारी पेढे वाटले. ड्रायव्हरचा ५.१, पण त्याला रस्ता अजून सापडत नाही. माझा ५.९.

"घाबरू नका बाबूजी," बडे बाबूंनी माझ्या हातावर दुसरा पेढा ठेवला. "काठावर काही तुमी एकटे नाही."

ते खरं आहे. आयसीएमआरचा देशभरातला मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मधुमेही १० कोटी १० लाख आणि माझ्यासारखे काठावरचे १३ कोटी ६० लाख धरले आहेत. एवढ्या गर्दीत निदान बोलायला माणसं मिळतील.

वाचकांपैकी कुणी अशा तपासणीला जाणार असेल, तर एक करा. डॉक्टरांना साखरेचा हिशेब तोंडी देऊ नका. जिथं चहा पिता तिथली उधारीची वही मागून घ्या आणि ती त्यांच्यापुढे ठेवा. बाकी चुकती केल्याशिवाय वही मिळत नाही, पैसे बरोबर न्या.